हेल्मेटला हात लावू नगा

मानेला पट्टा बांधून घरात पडून असलेल्या, किंवा तशा माणसाची उशी नीट करत बसलेल्या कोणासाठी तरी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम करते. वय एकोणचाळीस. आता बरी आहे. डाव्या करंगळीला अजून मुंग्या येतात, आणि मागे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. ओळख नसलेल्यांना वाटतं, बाई फार तोऱ्यात आहे.

पडले ती सकाळ

मी मोटारसायकल चालवते. स्कूटी नाही, गिअरची मोटारसायकल. लग्नाआधी वडिलांनी शिकवली. माझे दोन्ही भाऊ त्यांचं ऐकायचे नाहीत, मी ऐकायचे, म्हणून मला आधी शिकवली. उलव्याजवळच्या आमच्या गावातून यार्डपर्यंत रोज मी तीच घेऊन जायची.

जानेवारीतली सकाळ होती, पावणेनऊ झाले असतील. यार्डच्या आधीच्या वळणावर कुठल्यातरी डंपरमधून बारीक खडी सांडली होती. पुढचा ट्रेलर वळायला थांबला, मी ब्रेक दाबला आणि चाकाखालचा रस्ताच सरकला. वेग जास्त होता. थोडाच, पण होता. हे कबूल करायला मला बरेच महिने लागले.

डोकं दुभाजकावर आपटल्याचा आवाज हेल्मेटच्या आतून ऐकला. दुखलं काहीच नाही. आकाश दिसत होतं, आणि त्यात एकेक चेहरा येत गेला. "बाईला बसवा." "पाणी आना रे." कोणीतरी माझ्या हेल्मेटची खालची कड पकडली आणि ओढायला लागलं.

तेवढ्यात एक आवाज आला. "हेल्मेटला हात लावू नगा! सरका, सरका मागं."

एक माणूस माझ्या डोक्याच्या मागे गुडघ्यांवर बसला. कोपरं रस्त्यावर टेकवली आणि दोन्ही हातांनी हेल्मेट धरलं. दाबलं नाही, नुसतं धरलं. मग दुसऱ्याला सांगून त्याने समोरची काच वर करवली.

"ताई, श्वास येतोय का नीट?"

मी सवयीने मान हलवायला गेले.

"मान नाही हालवायची. तोंडानं बोला."

"येतोय," मी म्हटलं.

"मग काय टेन्शन नाही. गाडी बोलवलीय. तवर आपण बोलत बसू."

खरंच बोलत बसला. बीडकडचा होता. गावी म्हैस व्यायली होती, तिचं रेडकू किती खट्याळ आहे ते सांगत होता. तो चालवत होता तो ट्रेलर रस्त्यातच आडवा उभा होता आणि मागे हॉर्नचा कल्लोळ चालला होता. कोणीतरी म्हणालं, "अरे, गाडी तरी बाजूला घे." तो म्हणाला, "वाजवू द्या त्यांना." अँब्युलन्स येईपर्यंत त्याने हात काढला नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. रेडकू मात्र आठवतं.

अँब्युलन्सच्या दोघांनी मिळून, एकाने मान धरून आणि दुसऱ्याने अलगद सोडवत, हेल्मेट काढलं. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं.

कळलं तेव्हा

हॉस्पिटलात मी खांद्याचंच सांगत होते. खांदा फार दुखत होता. रुपेश, माझा नवरा, तासाभराने पोहोचला. तो तळोज्याला कारखान्यात आहे. आम्ही कॉलेजपासूनचे, म्हणून एकमेकांना अरे-तुरे करतो, फक्त सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते. त्या दिवशी सासूबाईंसमोरच त्याला "रुप्या" म्हटलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे.

दुपारी स्कॅन झाला. तोवर भराभर बोलणारी तरुण डॉक्टर एकदम हळू बोलायला लागली. "आता अजिबात हलायचं नाही हं." मला वाटतं, आजाराची बातमी शब्दांच्या आधी आवाजातून येते.

मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "मानेच्या दुसऱ्या मणक्याला तडा गेलाय. पण तो जागचा हललेला नाही. ऑपरेशन न करता भरून येईल असं वाटतंय. हेल्मेट कोणी काढलं?"

मी सांगितलं. अँब्युलन्सवाल्यांनी. त्याआधी एक ड्रायव्हर डोकं धरून बसला होता.

त्यांनी स्कॅन परत पाकिटात घातला. "बऱ्या झालात की त्याला भेटा," एवढंच म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले.

नीट अर्थ मला त्या तरुण डॉक्टरने सांगितला, मी फार मागे लागल्यावर. "तिथे कोणी हिसका दिला असता तर आज तुम्ही माझ्याशी बोलत नसता. किंवा बोलत असता, पण फक्त बोलतच असता."

छत

सतरा दिवस मी छत बघितलं. एका कोपऱ्यात पाणी झिरपल्याचा डाग होता. पहिल्या दिवशी तो मला उरणचा किनारा वाटला, नंतर नुसता डाग.

कूस बदलायची तर चार माणसं लागायची. एक डोक्याशी, तीन अंगाशी. "एक, दोन, तीन" म्हणत ओंडक्यासारखं फिरवायचे. पहिल्यांदा मी भीतीने रडले. चौथ्या दिवसापासून "तीन" मीच म्हणायला लागले. यातून जाणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे, की जे दुसरे तुमच्यावर करतायत, त्यातला एखादा शब्द तरी आपल्या तोंडी घ्या. फरक पडतो.

भीती मला दुपारी यायची, भेटायच्या वेळेआधी. पायाची बोटं हलतात का ते मी पुन्हा पुन्हा बघायचे. हलायची. दोन मिनिटांनी वाटायचं, आता नसतील हलत. पुन्हा हलवायचे. शेजारच्या खाटेवर दिवाळे गावच्या एक कोळीण मावशी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना माझे पाय दिसायचे. मी विचारायच्या आधीच त्या ओरडायच्या, "हालतान गो, हालतान! झोप आता."

हेल्मेटबाहेर राहिलेल्या माझ्या केसांत रस्त्यावरची खडी अडकली होती. डोकं धुवायचं नाही, उचलायचं नाही. लता नावाच्या एक मावशी वॉर्डात कामाला होत्या. रोज काम आटपल्यावर त्या डोक्याशी स्टूल घेऊन बसायच्या आणि मान जराही न हलवता एकेक खडा बोटांनी काढायच्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "संपली बघा तुमची खाण." मी हसले तर खांदा दुखला, तरी हसले.

घर

पुढे घरी पट्टा, बारा आठवडे. ताट दिसत नाही, पायाखालची पायरी दिसत नाही. माझी मुलगी स्वरा, पाचवीतली, पहिले पंधरा दिवस माझ्या जवळच येईना. तिला वाटायचं, हात लागला तर आई मोडेल. मग एक दिवस मीच तिला म्हटलं, "माझ्या नाकाला खाज सुटलीय, पट्ट्यामुळे हात नीट जात नाही, जरा खाजव." हात जात होता. पण तिने खाजवलं, आणि त्यानंतर घरात कोणालाही ते काम करू दिलं नाही.

रुपेशने माझी मोटारसायकल विकली होती. मी हॉस्पिटलात असतानाच. घरी आल्यावर आठ दिवसांनी मला कळलं.

"मला विचारलंस?"

"तू खाटेवर होतीस."

"बोलता येत होतं मला."

तो उठून बाहेर गेला. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरा केला त्यानी. बाईमान्साला फटफटी कशाला हवी?"

मी त्या दोघांशी दोन दिवस धड बोलले नाही. वाईट एवढंच वाटत होतं की रुपेश सगळं करायचा, औषधं, अंघोळीचं पाणी, स्वराचा डबा, पण त्या सकाळबद्दल एक अक्षर काढायचा नाही. पट्टा सैल करायची वेळ आली की सासूबाईंना हाक मारायचा. माझ्या मानेला त्याने हात लावला नाही. घरात आजारी माणूस एक असतो, पण आजारपण सगळ्यांना थोडं थोडं येतं. हे मला आता समजतं. तेव्हा फक्त राग यायचा.

आणि सासूबाईंचंही सांगायला हवं. फटफटीवरून बोलणाऱ्या त्याच बाई बारा आठवडे रोज पहाटे उठून माझ्यासाठी तांदळाची पेज करायच्या आणि मला खाली बघता येत नाही म्हणून वाटी माझ्या हनुवटीशी धरून उभ्या राहायच्या. स्वतःचे गुडघे दुखत असताना.

ज्याला भेटायचं होतं

एप्रिलमध्ये पट्टा निघाला. मी सगळ्यात आधी यार्डच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर गेले. सोबत रुपेश. बीडचा, म्हशीवाला, एवढ्यावर टपरीवाल्याने लगेच ओळखलं. "अंकुश होय! येईल आता, लोडिंगला लागलाय."

अंकुश आला. मला वाटलं होतं त्याहून बराच लहान, तिशीचा. त्याने आधी माझ्या मानेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सरळ चालताय की, ताई!"

काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते. ते सगळं विसरले. "रेडकू कसं आहे?" असं विचारलं. तो इतका हसला की चहा सांडला.

मग मी विचारलं, तुला हे कसं माहीत होतं.

"शिकिवलं व्हतं ना. हितंच, ह्या पत्र्याखाली. रस्त्यावर बाइकवाला पडला तर काय करायचं आन काय नाही. दोन तासाचा क्लास. खरं सांगू का, वडापाव व्हता म्हणून बसलो मी." कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुमच्या येळंला हात कापत व्हते माझे. तुमाला कळलं का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं कळलं.

रुपेश उठला आणि त्याने अंकुशचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. अंकुशच शेवटी म्हणाला, "दादा, चहा गार होतोय."

दिघा

तो क्लास घेणाऱ्या मालतीबाई. निवृत्त नर्स, सानपाड्याला राहतात. फोनवर त्यांनी मला सगळं विचारून घेतलं, कुठला मणका, किती आठवडे. मग म्हणाल्या, "मी फक्त शिकवते. गाद्या, सरावाची हेल्मेटं, बरोबरच्या दोघांचा जायचा-यायचा खर्च, नाश्ता, हे सगळं कोणीतरी एकजण उचलतं. एक वर्ग, एक देणारा. अट एकच, देणाऱ्याने स्वतः वर्गाला बसायचं. जासईचा वर्ग दिघ्याच्या शोभाताईंनी दिला होता. तुमचा जीव वाचला ते त्यांना तुम्हीच सांगा. मी नको सांगायला."

शोभाताई दिघ्याला चढावरच्या एका खोलीत राहतात. शिलाई करतात. घरपोच सामान देणाऱ्या पोरांच्या पाठीवरच्या मोठ्या पिशव्या दुरुस्त करून देतात आणि प्रत्येक पिशवीवर न विचारता चमकणारी पट्टी शिवतात. मी गेले तेव्हाही मशीनवरच होत्या. माझ्याच वयाच्या.

त्यांचा नवरा मोटारसायकलवरून पडला होता, कामावरून परत येताना. लोक धावले. हेल्मेट ओढून काढलं, उठवून बसवलं, पाणी पाजलं, रिक्षात घातलं.

"माणसं चांगली होती, ताई," त्या म्हणाल्या. "एकीने तर आपल्या ओढणीने तोंड पुसलं त्यांचं. मला वर्षभर सगळ्यांचा राग यायचा. मग कळलं, राग कोणावर करू? त्यांना माहीत नव्हतं, एवढंच. माहीत नसणं ही काय शिव्या द्यायची गोष्ट आहे का? सांगायची गोष्ट आहे."

म्हणून त्यांनी थोडे थोडे बाजूला ठेवून एक वर्ग दिला. आपल्याच भागात का नाही, असं मी विचारलं. म्हणाल्या, "मालतीबाईंनी विचारलं, कुठे घेऊ. मी म्हटलं, जिथे मोठ्या गाड्या आणि बाइक एका रस्त्याने जातात तिथे घ्या. माझं काय, मला माणूस थोडाच परत मिळणार होता." मग मशीनवरचा धागा तोडत त्या म्हणाल्या, "त्याचा पुढे कोणाला उपयोग झाला की नाही, कोण जाणे."

"झाला," मी म्हटलं. "मला झाला."

मी कोण आणि कशासाठी आले ते तोवर त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. फोनवर नुसतं 'मालतीबाईंकडून नंबर मिळाला' म्हटलं होतं. आता सांगितलं. वळण, खडी, अंकुश, डॉक्टर काय म्हणाले ते.

शोभाताईंनी मशीनवरचा हात काढला. माझ्या जवळ आल्या आणि विचारलं, "हात लावू?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या मानेवर मागून तळवा ठेवला. कितीतरी वेळ. त्यांच्या बोटांना कापडाचा वास होता. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बसा. भाकरी टाकते. जेवल्याशिवाय जायचं नाही."

आम्ही मेथीची भाजी, भाकरी आणि लोणचं खाल्लं. इतकं समाधान मला त्या चार महिन्यांत दुसऱ्या कुठल्या जेवणात मिळालं नव्हतं.

हळदीचा मांडव

मी घरी येऊन सांगितलं, मलाही एक वर्ग द्यायचा आहे, आपल्या गावात. माझ्या पगारातून जमेल तसं बाजूला टाकेन, पुढच्या वर्षी देऊ.

सासूबाई कोळंबी सोलत होत्या. मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराचं, नितेशचं लग्न होतं. आमच्याकडे हळद म्हणजे काय ते आगरी माणसाला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटायचं नाही. दोन दिवस बँजोचं पथक, सगळं गाव जेवायला. सगळं ठरलेलं होतं.

त्या मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या सालाला कशाला? दोन दिस बँजो वाजवून कोनाचा भला झालाय? एक दिस पुरं, दुसऱ्या दिसाचा पैसा वर्गाला. नितेसला सांग."

नितेश म्हणाला, "आई, मित्र काय बोलतील?"

"मित्र तुजे सगले फटफटीवरच येतान ना? मग त्यांच्यासाठीच हाय."

नितेशने बँजोवाल्याला फोन लावला. मी सासूबाईंकडे बघत राहिले, तर म्हणाल्या, "माज्याकडं काय बघतेस? कोलंबी सोल."

नंतर शेजारच्या गावातल्या बायकांच्या बचत गटानेही एक वर्ग दिला, आणि आमच्या यार्डने खडी सांडते त्या वळणाची रोज सकाळी झाडलोट करायला माणूस ठेवला. पण मला सांगायचाय तो पहिलाच वर्ग, हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी, नितेशच्या मांडवात झालेला.

मांडव उभा होताच. खुर्च्या होत्या. नितेशचे तीस-चाळीस मित्र आले. केसांना जेल, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मालतीबाईंनी गाद्या अंथरल्या. अंकुश सुट्टी काढून आला होता. शोभाताई आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. देणाऱ्याने बसायचं असतं, म्हणून सासूबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत.

मालतीबाई समजावत होत्या. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही, काच उघडायची, डोकं स्थिर धरायचं, अँब्युलन्स बोलवायची. सासूबाईंनी मध्येच हात वर केला.

"मान्सू तानेला असंल तर पानी पन नाय द्यायचा?"

मालतीबाई उत्तर द्यायच्या आधी मागून शोभाताईंचा आवाज आला. "नको, मावशी. नुसतं जवळ बसायचं. बोलत राहायचं."

त्या कोण, हे तिथे चौघांनाच माहीत होतं. पण आवाजावरून बाकीच्यांनाही काहीतरी कळलं असावं. पोरांनी मोबाइल खिशात टाकले.

मग सरावासाठी कोणीतरी आडवं पडायचं होतं. मित्र एकमेकांना ढकलत होते. रुपेश उठला. त्याने हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि गादीवर उताणा झोपला.

"वंदना, तू धर," तो म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसले, कोपरं टेकवली, दोन्ही बाजूंनी हात लावले. डोकं इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. एवढं वजन घेऊन कोणी माझ्यासाठी बसलं होतं.

रुपेश खालून माझ्याकडे बघत होता. हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलला. "त्या दिवशी मी कळंबोलीच्या पुलाखाली अडकलो होतो. गाडी पुढे सरकत नव्हती. फोनवर कोणी सांगेना, तू आहेस की नाहीस. तुझी मोटारसायकल विकली कारण तिच्याकडे बघवत नव्हतं मला. तुला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "हवं होतं."

"डॉक्टर हो म्हणाले की दुसरी बघू. तुझ्या पसंतीची."

माझी बोटं त्याच्या कानांजवळ होती. मी ती तशीच ठेवली. मालतीबाई म्हणाल्या, "छान. आता पुढची जोडी." मी उठले नाही. पुन्हा म्हणाल्या, "वंदनाताई, सोडा आता त्यांना."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी नव्या साडीचा पदर कमरेला खोचला होता. एका हाताने माझ्या खांद्याचा आधार घेऊन, गुडघे कडकड वाजवत, त्या गादीवर माझ्या शेजारी बसल्या. आणि मला कोपराने ढोसत म्हणाल्या, "सरक गो. आता मना धरू दे."